बल, गती आणि क्षेत्र : संवेगाचा हिशेब जुळवताना

अभिजात भौतिकशास्त्राची बहुतेक पाठ्यपुस्तके एकाच वाटेने जातात. आधी गती, मग बल, त्यानंतर कार्य आणि ऊर्जा, आणि पुष्कळ पाने उलटल्यावर, जणू निराळाच विषय सुरू व्हावा तसे, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र. या मांडणीमुळे क्षेत्र ही बलाची सूत्रे आटोपशीर लिहिण्याची एक युक्ती आहे, असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो. हा विषय मी अलीकडे पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचला, आणि माझे मत बरोबर उलटे झाले. क्षेत्राची गरज न्यूटनच्या तिसऱ्या नियमातच, म्हणजे प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते या नियमातच, दडलेली आहे. तो नियम जितक्या काटेकोरपणे लावावा, तितकी ती लवकर वर येते.

सुरुवात अर्थातच गतीपासून करावी, पण तिथे रेंगाळायचे असेल तर ते वेगापाशी नव्हे, त्वरणापाशी, म्हणजे वेग बदलण्याच्या दरापाशी. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर पोहोचतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, आणि त्वरण मात्र खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच असते, जितके ते चढताना होते आणि उतरताना असेल. ज्याला हे विधान सहज वाटते त्याने पुढे जावे. ज्याला ते खटकते त्याने तिथेच थांबून वेग आणि वेगातील बदल या दोन राशी मनात नीट वेगळ्या कराव्यात. बल वेगाशी बांधलेले नसून वेगाच्या बदलाशी बांधलेले आहे, हे १६८७ मध्ये न्यूटनने मांडलेल्या दुसऱ्या नियमाचे मर्म त्याशिवाय हाती लागत नाही.

बलाकडे वळल्यावर मी स्वतःला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो : हे बल कोण, कोणावर लावत आहे? टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचेच पाहा. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल पुस्तकाला वर लोटते, आणि ही दोन बले समान व विरुद्ध आहेत म्हणून पुस्तक स्थिर राहते. इथवर सारे ठीक आहे, पण ही दोन बले म्हणजे तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया, असे जे सर्रास सांगितले जाते ते चूक आहे. दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात, तर क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. हेच टेबल वर जाताना वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवले, तर टेबलाचे बल पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त होते आणि समानता तिथेच मोडते. खरी जोडी कोणत्याही परिस्थितीत मोडता कामा नये. पुस्तकाच्या वजनाचा खरा जोडीदार आहे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणारे, तितकेच, बल. हा जोडीदार शोधण्याची सवय लागली की यामिकीतील निम्मी गणिते आकृती काढतानाच सुटतात. आणि दोन वस्तू एकमेकींवर समान व विरुद्ध बल लावतात म्हणजेच एकीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जेवढा वाढतो तेवढाच दुसरीचा घटतो. एकूण हिशेब कायम राहतो.

आता हीच जोडी आकाशात नेऊ या. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरहून किंचित जास्त आहे. वेगाच्या वर्गाला अंतराने भागले की त्याचे पृथ्वीकडे रोखलेले त्वरण मिळते : सुमारे ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या जवळपास ६० पट आहे, ६० चा वर्ग ३६००, आणि ९.८ ला ३६०० ने भागल्यावर उत्तर येते तेच ०.००२७. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र त्याच एका सेकंदात आपल्या सरळ मार्गावरून सुमारे १.४ मिलिमीटर पडतो. हे गणित कागदावर स्वतः करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झाले की बल एक चतुर्थांश होते) पाठ करून जी खात्री पटत नाही ती या चार ओळींत पटते.

तिसरा नियम इथेही पाळला जातो. चंद्र पृथ्वीला तितक्याच बलाने ओढतो, आणि पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ८१ पट असल्यामुळे तिचे त्वरण तितक्याच पटीने कमी असते. पण मध्ये काहीही नसताना हे बल पोहोचते कसे? खुद्द न्यूटनलाही हे पटत नव्हते. धर्मोपदेशक व विद्वान रिचर्ड बेंटली यांना १६९३ मध्ये लिहिलेल्या पत्रात, कोणत्याही माध्यमाशिवाय एका वस्तूने दूरच्या दुसऱ्या वस्तूवर क्रिया करावी ही कल्पना त्याने निखालस असंगत ठरवली आहे. नियम अचूक चालत होता, त्यामुळे पुढची शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक गणितज्ञांनी हा प्रश्न बाजूला ठेवला, आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

त्या प्रश्नाकडे परत गेला तो मायकेल फॅरडे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या या माणसाजवळ उच्च गणित नव्हते. कदाचित म्हणूनच सूत्रांऐवजी जागेकडे पाहणे त्याला सोपे गेले असावे. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस पसरावा आणि कागदाला हलकेच टिचकी मारावी, की कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे वळणाऱ्या रांगांत उभे राहतात. हा प्रयोग सर्वांनी पाहिलेला असतो, पण त्यातून एक गैरसमजही रुजतो. दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेतही क्षेत्र असतेच. रांगा दिसतात त्या प्रत्येक कण स्वतःच छोटा चुंबक बनून शेजारच्या कणाला टोकाशी टोक जोडून घेतो म्हणून. क्षेत्र सलग आहे. जागेतील प्रत्येक बिंदूला एक मूल्य आणि एक दिशा आहे, मग तिथे कण ठेवा अथवा न ठेवा. १८३१ मध्ये बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतधारा निर्माण होते हे फॅरडेने दाखवले, तेव्हा या रेषांना केवळ चित्र म्हणणे अवघड झाले.

तरीही संशयी विद्यार्थी विचारू शकतो की एक विद्युत प्रभार दुसऱ्या प्रभारावर बल लावतो एवढे पुरेसे असताना क्षेत्र मध्ये कशाला? त्याला मी पुढील उदाहरण देईन. दोन धन प्रभार घ्या. पहिला सरळ दुसऱ्याच्या दिशेने चालला आहे. दुसरा त्या रेषेला काटकोनात, बाजूला चालला आहे. चालता प्रभार स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, परंतु तो ज्या रेषेवरून चालतो त्या रेषेवर, पुढे आणि मागे, हे क्षेत्र शून्य असते. दुसरा प्रभार त्या क्षणी पहिल्याच्या बरोबर पुढे आहे, म्हणून त्याच्यावर चुंबकीय बल नाही. उलट, पहिला प्रभार दुसऱ्याच्या बाजूला असल्याने तिथे दुसऱ्याचे चुंबकीय क्षेत्र शून्य नाही, आणि पहिला गतिमान आहे. त्यामुळे त्याच्यावर चुंबकीय बल आहे. एकावर आहे, दुसऱ्यावर नाही. विद्युतबले हिशेबात धरली तरी ही तफावत भरून निघत नाही. वर टेबलापाशी ज्या जोडीदाराचा शोध घेतला, तो इथे सापडतच नाही.

संवेगाची अक्षय्यता सोडून द्यायची नसेल तर उरलेला संवेग कुठेतरी असला पाहिजे, आणि वस्तू तर दोनच आहेत. तो क्षेत्रात असतो. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणांतून हे क्षेत्र विशिष्ट वेगाने पसरते असे निघाले, आणि तो वेग प्रयोगशाळेत मोजलेल्या विद्युत व चुंबकीय राशींवरून काढता येत होता. वेबर आणि कोलराउश यांच्या १८५६ च्या मोजमापांवरून तो सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर येई. फिझो यांनी १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर होता. दोन आकड्यांची ही जवळीक योगायोग मानण्यासारखी नव्हती. १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. क्षेत्राजवळ संवेग असतो याचा पुरावाही मोजता येतो : पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाश आपल्याला शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला न्यूटनच्या साडेचार दशलक्षांश भागाएवढे बल लावतो. आकडा क्षुल्लक आहे, पण अवकाशयानांचे मार्ग आखताना तो धरावाच लागतो.

गुरुत्वाच्या बाबतीत ही ओढाताण अभ्यासक्रमात दिसत नाही, कारण न्यूटनच्या सूत्रात बल तत्क्षणी पोहोचते, विलंबाला जागाच नाही. तिथे गुरुत्वक्षेत्र खरोखरच सोयीपुरते राहते. अवकाशस्थानकाच्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही ते पृष्ठभागावरील मूल्याच्या जवळजवळ ९० टक्के असते, आणि अंतराळवीर तरंगतात ते स्थानकासह सतत पडत असल्यामुळे, हे समजून घ्यायला ते उपयोगी पडते. पण संवेगाचा हिशेब त्याच्यावाचून अडत नाही. गुरुत्वालाही स्वतःचा वेग असलेले क्षेत्र मिळाले ते आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धांतात, आणि त्या वेगाची थेट तुलना करण्याची संधी आली ती त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवर नोंदली गेली, आणि त्याच घटनेतील गॅमा किरण तिच्यामागून सुमारे १.७ सेकंदांनी आले. दोघांनीही वाटेत सुमारे १३ कोटी वर्षे घालवली होती.