तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी वर्षं वाइन अडवून का धरता?

बाटल्या भरून तयार आहेत, कर्जाचं व्याज चालू आहे, गिऱ्हाईक मागतंय, मग तुमचं कुटुंब लाल वाइन सहा-सहा वर्षं तळघरात अडवून का धरतं? हे मला आमच्या सीएने विचारलंय, वितरकांनी विचारलंय आणि लांबच्या नातेवाइकांनीही. एरवी मी विषय बदलते. आज नीट सांगते, कारण "वाइन जुनी तितकी चांगली" हे उत्तर लोक परस्पर आमच्या तोंडी घालतात, आणि ते आम्ही कधीच दिलेलं नाही.

ते खोटं आहे. जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते, ती त्यासाठीच बनवलेली असते, आणि त्यात काही कमीपणा नाही. ती ठेवून दिली तर सुधारत नाही, नुसती उतरत जाते. टिकते ती वाइन, जिच्यात टिकण्याजोगं काही आहे. आमच्या वाइनमध्ये ते म्हणजे आम्लता आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालींतून-बियांतून उतरणारी तुरट द्रव्यं. द्राक्षात साखर चढत जाते तशी आम्लता उतरते, म्हणून बाबा इतरांच्या आधी काढणी धरायचे. सालं रसात बराच काळ ठेवायचे, पण ढवळाढवळ कमी. यातून होणारी वाइन सडपातळ, नेटकी असते, आणि पहिली काही वर्षं प्यायला अवघड. मधे तर ती पार मिटते. वास लागत नाही, जिभेवर फक्त तुरट कड उरते. मग हळूहळू टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, काही गाळ होऊन खाली बसतात, तुरटपणाची धार जाते. बारा-तेरा अंशांचा गारवा, अंधार आणि आडवी ठेवलेली बाटली, एवढंच आपल्या हातात. बाकी वेळ.

म्हणजे कुणीतरी थांबायलाच हवं. कोणी, एवढाच प्रश्न आहे. फ्रान्समधल्या बोर्दोची मोठी घरं वाइन पिंपात असतानाच विकतात. थांबायचं काम घेणाऱ्याचं. इटलीतल्या बारोलोत कायदाच थांबवतो: किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात. स्पेनमधल्या रिओहाच्या लाल ग्रान रेसेर्वाला, म्हणजे तिथल्या सगळ्यात जास्त मुरवलेल्या वाइनला, किमान 5 वर्षं. काही कुटुंबं कायद्याच्याही पुढे जातात. रिओहातलं 1877 पासूनचं लोपेझ दे एरेदिया आपली ग्रान रेसेर्वा दहा-दहा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा बाहेर काढतं. लेबनॉनमधलं होशार कुटुंबाचं शातो मुसार लाल वाइन सातव्या वर्षी विकायला आणतं, तेही अशा देशात जिथे यादवीमुळे 1976 साली त्यांना वाइन बनवताच आली नाही. बाबा ही नावं घ्यायचे तेव्हा माझा संताप व्हायचा. त्यांच्यामागे पिढ्या आहेत, आपल्यामागे बँक आहे, असं मी तोंडावर म्हणायचे.

पण वाइन विकत घेणारी बहुतेक माणसं ती त्याच आठवड्यात उघडतात. त्यांच्या घरी तळघर नसतं, आणि ते असावं अशी अपेक्षाही मी करत नाही. आमची दोन वर्षांची बाटली त्यांनी उघडली तर ती आखडलेलीच लागणार, आणि दोष वाइनच्या माथी येणार. म्हणून आम्ही थांबतो. उत्तर एवढंच आहे.

यावर तुम्ही हमखास विचारता, "पण परवडतं का?" त्याबद्दल बोलायचं तर एका वर्षाबद्दल बोलावं लागेल.

त्या वर्षाची वाइन बाटलीत भरायला घेतली तेव्हा आई आजारी होती. भरणीची वही आईची. कोणत्या पिंपातली वाइन, बुचं कोणत्या खेपेतली, बाटल्या कोणत्या थप्पीला लागल्या, सगळं ती स्वतः लिहायची. भरणी निम्म्यावर आली आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. ती परत आली नाही. भरणी कामगारांनी पुरी केली. पुढची पानं कोरी राहिली, आणि त्या दिवसांत वहीची आठवण कुणाला होणार होती?

वाइन मात्र अशी झाली होती की पिंपातून चाखतानाच बाबा गप्प व्हायचे. आम्ही सगळ्यांनी तिच्यावर हिशेब मांडले होते. विक्रीला काढायच्या आधी नेहमीप्रमाणे काही बाटल्या उघडल्या. पहिलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. दुसरी सुरेख. तिसरीला पुठ्ठ्याचा वास नव्हता, पण फळाचाही नव्हता. कुणीतरी आतलं सगळं पुसून घेतल्यासारखी. बाबांनी पेला खाली ठेवला आणि आणखी बाटल्या आणायला सांगितल्या.

हा बुचाचा दोष. ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं संयुग त्याला कारण असतं, हे 1981 मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. त्याहूनही कमी असेल तर वास येत नाही, पण वाइनचा सुगंध दबतो, आणि पिणाऱ्याला वाटतं की ही वाइनच बेताची आहे. वर्षानुवर्षं बागेत काहीही करा, बाटलीच्या तोंडाशी बसलेलं बूच ते सगळं मातीमोल करू शकतं.

वही काढली. आईच्या अक्षरातल्या थप्प्यांचा छडा लगेच लागला. बुचांची एकच खेप वाईट होती, ती बाजूला करता आली. कोऱ्या पानांच्या थप्प्यांमध्ये मात्र दोन्ही खेपा मिसळलेल्या, आणि बाटली उघडल्याशिवाय ओळखायचा मार्ग नाही. बुचं पुरवणाऱ्याने आधी तपासणीचा दाखला पुढे केला, मग बरंच बोलणं झाल्यावर बुचांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. बुचांचे. वाइनचे नाहीत.

दादा म्हणाला, "निम्म्याहून जास्त चांगल्या आहेत. विकू या. तक्रार आली तर बाटली बदलून देऊ." मी दादाच्या बाजूने होते. बाजूने कसली, त्याच्यापेक्षा जोरात बोलत होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तक्रार करायला दोष ओळखता यायला हवा. ज्याला तो ओळखता येणार नाही, त्याला वाटेल यांची वाइन अशीच असते. त्याला काय बदलून देणार आहेस तू?"

कोऱ्या पानांच्या सगळ्या थप्प्या ओतल्या. बाबा प्रत्येक बाटली उघडली की वास घ्यायचे. मी म्हटलं, "ओतायचीच आहे तर वास कशाला घेता?" ते थांबले नाहीत. वाईट निघाली की हात झरझर चालायचा, चांगली निघाली की थबकायचा. इतकी वर्षं कोंडलेल्या वाइनला एकदा हवा लागली की पुन्हा बूच लावून ती तशीच राहत नाही, म्हणून चांगल्याही गेल्या. पुढे बँकेसाठी बागेचा वरचा तुकडा विकावा लागला, सगळ्यात जुन्या वेलींचा. परवडतं का, याचं उत्तर तो तुकडा आहे.

बाबा समजूत घालायला 1976 ची पॅरिसची चाचणी सांगायचे. स्टीव्हन स्परियर या पॅरिसमधल्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या, कॅलिफोर्नियाच्या सरस ठरल्या, तर लोक म्हणाले, या टिकणार नाहीत. 2006 मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या, आणि आधी पाचवी आलेली कॅलिफोर्नियातल्या रिजची 1971 ची माँटे बेलो पहिली आली. मला ही गोष्ट आवडते. पण वाइन टिकली एवढंच तिच्यातून कळतं. ती बनवणारं घर तोवर कसं तगावं, ते कळत नाही.

त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, दुसऱ्याच वर्षी विकली असती तर ती खराब बाटली शेकडो घरांत एकेक करून गेली असती, कुणाला पत्ता लागला नसता, पैसे आले असते, वेली राहिल्या असत्या. मी म्हणते, थांबलो म्हणून तर कळलं. ती म्हणते, कळून काय मिळालं? यावर मी बाबांचं वाक्य सांगते. तिला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर व्याजाचा हप्ता भरायच्या दिवशी मलाही पुरतं पटत नाही. बाटली उघडते त्या दिवशी पटतं.

आता दादाचं म्हणणं आहे की निम्मी द्राक्षं उशिरा काढून लवकर प्यायची मऊ वाइन करावी आणि वर्षभरात विकावी. ती फसवणूक नाही, त्यासाठीच बनवलेली असेल, एवढं मी मान्य केलंय. बाकीच्या वाइनला बूच सोडून स्क्रू कॅप लावावी, असंही तो म्हणतो. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंग बनवणाऱ्यांनी 2000 सालीच ते केलं. मी म्हणते, ती पांढरी वाइन. आपली लाल वाइन वीस वर्षांनी त्या झाकणाखाली कशी लागेल हे मला चाखून माहीत नाही. तो म्हणतो, मग ते कळण्यासाठी आजच सुरुवात कर. यंदा एका पिंपापुरती ती लावायची की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.