विरोध समजून घ्यायचा तर आधी वेळापत्रक पाहावे

विद्यापीठात नवा बदल आला आणि कुरबुर सुरू झाली, की ‘प्राध्यापकांना बदल नकोच असतो’ असे म्हणून विषय मिटवला जातो. नागपुरातील एका महाविद्यालयात शिकवताना हे मत मला सतत अन्यायाचे वाटत आले आहे, कारण विरोध करणाऱ्यांना बहुधा अशी एखादी अडचण ठाऊक असते, जी निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचलेलीच नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये धोरणाच्या तत्त्वांवर फारसा वाद झाला नाही. मराठीच्या मॅडम मात्र पेन्सिल घेऊन वेळापत्रकातील तासिका पुन्हा पुन्हा मोजत होत्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन अपेक्षित असते, पदाची मान्यता कार्यभारावर, म्हणजे विषयाला मिळणाऱ्या एकूण तासिकांवर टिकते, आणि विद्यार्थ्यांना विषयनिवडीची मोकळीक मिळाली की तोच कार्यभार डळमळतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे तर मानधनच त्यावर ठरते. ही धास्ती पोटापाण्याची आहे. तिला वैचारिक मागासलेपण म्हणणे मला पटत नाही.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या संशोधकांनी १९४८ साली अमेरिकेतील पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलल्याचे ज्यांना नुसते कळवले गेले, त्यांच्यापैकी १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांतच नोकरी सोडून गेले. ज्यांना बदल आखताना सोबत घेतले, त्यांचे उत्पादन लवकर सावरले आणि त्यांच्यातील कोणीही गेले नाही.

विद्यापीठात कोणी असे सोडून जात नाही, त्यामुळे विरोध दिसतही नाही. शिक्षणसंस्थांचे घटक एकमेकांशी सैल जोडलेले असतात, असे संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये मांडले होते. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेल्या आपल्या विद्यापीठाकडे पाहिले की ते नेमके पटते: परिपत्रक सगळीकडे पोहोचते, अहवालही वेळेवर जातात, पण वर्गातले शिकवणे जुन्याच वळणाने चालू राहते.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभा, विद्वत परिषद आणि अभ्यास मंडळे अशा चर्चेच्या व निर्णयाच्या जागा आहेत, परंतु तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे म्हणणे तिथे क्वचितच पोहोचते. म्हणून माझी आग्रहाची मागणी अशी, की कोणतीही नवी रचना लागू करण्यापूर्वी प्रत्येक विषयाच्या कार्यभाराचा कच्चा तक्ता महाविद्यालयांना पाठवावा, आणि ज्यांच्या तासिका कमी होणार आहेत त्यांना सर्वांत आधी बोलावून घ्यावे.