सेंट्रिंग

दुपारी खाटेवर आडवा झालो की नजर छतावर जाते. स्लॅबला खालून प्लास्टर करायचं राहूनच गेलं. कपाशीचे पैसे आले की करू म्हणत दोन हंगाम गेले. त्यामुळे सेंट्रिंगच्या फळ्यांचे रेषे सिमेंटात अजून तसेच आहेत. एका जागी तर लाकडाची गाठ उमटलीय, चिंचोक्याएवढी.

तीन आठवडे घरात बल्ल्यांचं जंगल होतं. आई वाकून, चुकवत चुलीपर्यंत जायची. "आता काढा ना हे," म्हणून ती वैतागली, तर सेंट्रिंगवाला म्हणे, "काकू, घाई नोका करू. बल्ल्या हायेत म्हून स्लॅप हाय."

मी तालुक्याला बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे डोक्यात भलतंच येतं. साल्मोनेला जिवाणूत वाढणारा पी२२ नावाचा एक विषाणू आहे. त्याच्या कवचाला एकाच प्रकारच्या प्रथिनाचे ४१५ नग लागतात. ते नुसते एकत्र सोडले तर जमतात, पण वेडेवाकडे: कुठे गुंडाळी होते, कुठे कवच लहानच राहतं. आतून आकार धरायला वेगळं प्रथिन लागतं, आपली सेंट्रिंगच म्हणा. कवच उभं राहून डीएनए आत भरायला लागला की हे प्रथिन कवचातल्याच भोकांतून बाहेर पडतं. मग कवच फुगतं, भोकं बुजतात. तयार विषाणूत सेंट्रिंगचा पत्ताच नसतो.

मला गंमत वाटते ती पुढे. बाहेर पडलेलं प्रथिन मोडत नाही, दुसऱ्या कवचाच्या कामाला लागतं. जोनाथन किंग आणि शेरवूड कॅसजेन्स यांनी हे १९७४ साली दाखवलं. एकेक रेणू सरासरी पाच कवचं तरी उभी करतो. सगळेच विषाणू एवढे काटकसरी नाहीत. नागीण हा आजार करणाऱ्या विषाणूच्या घराण्यातले विषाणू आतली सेंट्रिंग कापून टाकतात. आमचा सेंट्रिंगवाला हे ऐकून कपाळाला हात लावेल, एकेक फळी तो मोजून नेतो.

आमच्या बल्ल्या दारातून वळेनात. खिडकीची चौकट बसायची होती, तिथून एकेक बाहेर सरकवली. ट्रॉलीत चढवताना फळ्यांना आमचं सिमेंट चिकटलेलं होतं, आणि त्याखाली आणखी कुणाच्या तरी घराचं, जुनं, पांढरं पडलेलं. ते खरवडायलाही तो थांबला नाही. नाल्यापलीकडे घरकुलाचा स्लॅब दुसऱ्याच दिवशी होता.