माळवदावरची त्रेपन्न सेंटिमीटर माती

औसा तालुक्यातल्या एका गावातलं बारा खणांचं माळवदाचं घर. माळवद म्हणजे लाकडावर माती घालून केलेलं सपाट छत, आणि खण म्हणजे खांब-तुळयांमधला एक गाळा. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. आत सागवानी आणि बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे म्हणजे बारीक आडवी लाकडं, सऱ्यांवर किलच म्हणजे दाटीने अंथरलेल्या लाकडाच्या चिरफळ्या, आणि वर माती. घर गळत होतं. घरच्यांचा बेत माळवद पाडून स्लॅब टाकायचा होता. त्याआधी एकदा बघून जा, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. दुरुस्ती करायची ठरली आणि मे महिन्यात काम सुरू झालं. सांगतोय ते कामाच्या दुसऱ्या दिवसाचं.

छतावर सहा-सात वर्षांपूर्वी कुणीतरी तारेची जाळी घालून सिमेंटचा कोबा केला होता. गळती थांबेल म्हणून. कोबा कडेला, जिथे तो भिंतीला भेटतो तिथे, बोटभर फाटला होता. पाणी त्या फटीतून आत जायचं आणि खाली मातीत मुरून राहायचं. उघडी माती चार दिवस ऊन पडलं की सुकते. कोब्याखालची माती दिवाळीपर्यंत ओलीच राहायची, आणि तो ओलावा तुळयांच्या भिंतीतल्या टोकांना सगळ्यात जास्त लागायचा.

सकाळी आम्ही मधल्या खणावर दोन बाय दोन फुटांचा खड्डा घेतला. कोबा छिन्नी-हातोडीनेच फोडला. अशा घरावर ब्रेकर चालवू नये, त्याच्या हादऱ्याने चिखलातले दगड सैल होतात. पाच सेंटिमीटर कोबा, आणि त्याखाली त्रेपन्न सेंटिमीटर माती निघाली. खड्ड्याची उभी बाजू खुरप्याने तासून साफ केली तेव्हा थर एकावर एक दिसायला लागले. तळाशी किलचावर कडुलिंबाच्या पाल्याचा काळपट पापुद्रा होता. त्यावर गव्हाचा भुसा घातलेला मळलेल्या चिखलाचा थर, अजून टणक. त्याच्यावर खारी पांढरी माती, एका ठिकाणी काचेच्या काकणाचा हिरवा तुकडा अडकलेली. ती जुन्या गावठाणाची, पांढरीची माती असणार. तळापासून इथपर्यंत वीस सेंटिमीटर. मूळ माळवद एवढंच होतं.

त्याच्या वर पातळ-पातळ थर, दर पावसाळ्याआधी टाकलेले. आणि मध्येच, तळहाताच्या रुंदीच्या पट्ट्यात, काळी माती.

घरच्या आजी वर आल्या, खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दरसाल मिरगाआधी माती टाकीत होतो. काढायची म्हणून कुणी सांगितलीच न्हाई."

सगळा उलगडा त्या वाक्यात आहे. आमच्याकडे गावाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि शेताच्या जमिनीला काळी, आणि माळवदावर काळी माती घालायची नाही हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, भेगाळते. पुढच्या पावसात पाणी सरळ भेगेतून किलचापर्यंत जातं. खाऱ्या, चोपण मातीचं उलट आहे. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण भिजल्यावर सुटे होतात आणि बारीक छिद्रं बुजवून टाकतात, म्हणून पाणी फारसं खाली उतरत नाही. शेतकरी ज्या जमिनीला नावं ठेवतो तीच माती छताला लागते. खारी माती दूर पडत गेली तसं लोकांनी जवळची काळी टाकली. घर गळायला लागलं, म्हणून आणखी माती टाकली, तरी गळलं म्हणून कोबा केला. दरवेळी वजन वाढलं.

वजनाचा हिशेब आम्ही तिथेच मांडला. ओलसर माती घनमीटरला 1800 किलो धरली तर त्रेपन्न सेंटिमीटरचे चौरस मीटरला साधारण 950 किलो होतात, वर कोब्याचे 120. दीड बाय दोन-चाळीस मीटरच्या एका खणावर म्हणजे 3.9 टनांच्या आसपास. मूळ वीस सेंटिमीटर कोरडं माळवद चौरस मीटरला 320 किलो, खणाला सव्वा टनाच्या आत. बारा सेंटिमीटरचा स्लॅबही चौरस मीटरला 300 किलो भरतोच. मूळ माळवद स्लॅबपेक्षा फार जड नसतं, जड होते ती न काढलेली माती.

या भागात हा हिशेब कोरडा वाटत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं अशाच छतांखाली आणि अशाच भिंतींखाली गाडली गेली. भूकंपाचा रेटा वस्तुमानाच्या प्रमाणात येतो, तिप्पट माती म्हणजे जवळपास तिप्पट रेटा. भिंतीही आतल्या-बाहेरच्या दोन पदरांच्या, मध्ये खडी-माती भरलेली, आरपार जाणारा दगड नाही. हादऱ्यात पदर एकमेकांपासून सुटतात आणि पोट फुटतं. बऱ्याच घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. लोकांनी मात्र माळवद या प्रकारालाच दोष दिला. मला हे फार लागतं, कारण त्यामुळे जिथे दुरुस्ती चालली असती तिथेही घरं पाडली गेली.

माती उतरवायच्या आधी टेकू लावायचे असतात. प्रत्येक तुळईखाली, भिंतीपासून दोन फुटांवर एक आणि मध्ये एक. टेकूखाली लांब फळी, नाहीतर तो जमिनीत रुततो. वर माती कुठेही ढीग करून ठेवायची नाही. सगळ्या खणांवरून सारख्या थराने खरवडत यायचं, एका वेळी दहा सेंटिमीटर. एका खणाची माती म्हणजे पंधरा किलोची सव्वादोनशेहून जास्त घमेली. खाली टाकतानाही भिंतीला लागून टाकायची नाही, तिच्या पोटावर दाब येतो.

कोबा आम्ही आधी मधून कापला, आणि तिथे चुकलो. दुपारी तीनच्या सुमाराला उत्तरेकडच्या खणात शेवटची पट्टी सुटली आणि खालून कट्ट असा आवाज आला. मिस्त्रीमामा खालूनच ओरडले, "सायेब, समदे भिंतीकडं सरका, मधी कुणी थांबू नका!" तुळई भिंतीकडच्या टोकाला चार सेंटिमीटर खाली येऊन टेकूवर बसली होती. टेकू नसता तर तो खण खाली आला असता.

खाचेतले दोन दगड काढून बघितलं. बाहेरून तुळई ठणठणीत, रंग सागाचा, ठोकली तर खणखणीत. भिंतीतलं टोक मात्र नुसता भुसा. पेचकस बारा सेंटिमीटर आत गेला आणि बोटाने फिरवता आला. तुळईचं टोक भिंतीवर टेकलेलंच नव्हतं. जाळी घातलेला कोबा शेजारच्या तुळईवर आणि भिंतीवर रेलून वजन वाटून घेत होता. तो कापला आणि सगळं ओझं त्या भुशावर आलं. आता आम्ही कोबा फोडायच्या आधी प्रत्येक टोकाशेजारचा एक दगड काढून पेचकस घालून बघतो. अर्धा दिवस जातो, पण बघतोच.

बारापैकी तीन टोकं कुजलेली निघाली. कुजकं लाकूड चांगलं लागेपर्यंत कापलं, मुरलेल्या सागाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या जाडीने चढवून बोल्टने जोडला, आणि जोडाखाली भिंतीलगत तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, नवा खांब उभा केला, म्हणजे तुळई भिंतीच्या भरवशावर राहत नाही. खाचेत टोकाभोवती दोन बोटं मोकळी ठेवली. ती चिखलाने बुजवायची नाही, लाकडाला वारा लागतो तो तिथूनच. खांब आणि तुळईच्या कोनात तिरप्या फळ्या मारल्या, आडवं हलणं त्यांनीच थांबतं. भिंतींत दर साठ सेंटिमीटर उंचीवर आणि आडवं फार तर सव्वा मीटरवर आरपार भोकं घेतली, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली 8 मिलिमीटरची सळई घातली आणि काँक्रीट भरलं. भोक हाताने, दगड हलवून काढायचं.

नवी माती मागवण्याआधी मामांनी ग्लासभर पाण्यात मातीचं कोरडं ढेकूळ सोडलं, न हलवता. चोपण मातीच्या ढेकळाभोवती थोड्या वेळात दुधासारखा ढग पसरतो आणि पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहतं. काळ्या मातीचं ढेकूळ फुगून फुटलं पण पाणी वर स्वच्छ राहिलं. ती गाडी परत पाठवली. उतरवलेल्या मातीतली पांढरी चाळून पुन्हा वापरली. उरलेली खारी माती शेतात टाकू नका, असं घरच्यांना बजावून सांगितलं. ती वाड्याच्या कुसाला लिंपायला गेली.

किलचावर लिंबाचा पाला, त्यावर आठवडाभर भिजवून तुडवलेला चिखल, दहा घमेल्यांना तीन घमेली भुसा, दोन थरांत मिळून आठ सेंटिमीटर. प्रत्येक थर चोपणीने चोपला. वर बारा सेंटिमीटर खारी माती. उतार चाळीसास एक. त्याहून जास्त दिला तर हीच माती पाण्याबरोबर वाहून ओघळ पडतात, कमी दिला तर पाणी साचतं. पन्हाळी भिंतीपासून दीड फूट बाहेर काढल्या, पाणी भिंतीच्या पायाशी पडायला नको.

उजेडासाठी छतात ठेवलेलं साणं जुनंच होतं. त्याच्या कडेचा दगड मामांनी घासला आणि किलचापासून वीस सेंटिमीटरवर छिन्नीने एक आडवी रेघ मारली. मग आजींना वर बोलावून दाखवली. मिरगाआधी इथे बघायचं, माती या रेघेच्या वर दिसली तर आधी तेवढी खरवडायची आणि मग नवी घालायची. आजींनी रेघेवरून बोट फिरवलं आणि नातवाला हाक मारली.