फोन ठेवता येतो, नंबर ठेवता येत नाही

चातुर्मासात फोन बाजूला कसा ठेवायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आषाढी एकादशीला माझा मोबाइल कपाटात आणि कार्तिकीला बाहेर, हे कळलं की म्हापशाच्या बाजारात असो नाहीतर म्हार्दोळच्या देवळात, प्रश्न एकच येतो: "चार महिने राहवतं कसं?" आणि पाठोपाठ, "तुमचं बरं आहे हो, आम्हाला नाही जमायचं."

राहवतं. पहिले काही दिवस हात उगाच पर्सकडे जातो, रात्री झोप येईपर्यंत काय करायचं ते सुचत नाही, मग कमी होतं. त्यासाठी लागतं फार थोडं: चावीचं गजराचं घड्याळ (गजराच्या निमित्तानेच फोन उशाशी परत येतो), टॉर्च, भिंतीवर कालनिर्णय, गरजेचे नंबर लिहिलेली वही आणि आकाशवाणी पणजी. पावसाळ्यात रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी पडली तर ती रेडिओवर नाहीतर शेजारच्या पोरांकडून कळते. निग्रहाबद्दल एवढंच. निग्रहाचं कौतुक करणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आलाय, कारण माणसं अडतात ती दुसरीकडेच, आणि तिथलं कुणी विचारत नाही. अडतात ओटीपीला.

आता दिवस मोजा. 2024 ला आषाढी 17 जुलैला होती, कार्तिकी 12 नोव्हेंबरला. मधले दिवस 118. नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर नंबर बंद करायची मुभा ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने कंपनीला आहे. व्हॉट्सॲप साधारण 120 दिवस वापर नसेल तर खातं काढून टाकतं. म्हणजे व्हॉट्सॲपच्या हद्दीत चातुर्मास दोन दिवसांनी बसतो आणि सिमच्या हद्दीत बसत नाही. 2023 ला अधिक श्रावण होता, तेव्हा दोन्हींत बसत नव्हता. हे गणित न मांडता "यंदा आपणही करूया" म्हणणाऱ्यांना मी आधी थांबवते.

कसं बिघडतं ते 2025 चं पंचांग घेऊन सांगते. आषाढी 6 जुलैला. समजा त्याच सकाळी 84 दिवसांचा पॅक मारला, फोन बंद केला आणि सिमसकट खणात टाकला. चवथीपर्यंत काही जाणवत नाही. मग गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात येतो आणि कोड मागतो. कोड गेलेला असतो खणातल्या फोनवर. कुणी म्हणेल, तेवढ्यापुरता फोन चालू करावा. करा, कोडबरोबर साठलेले सगळे मेसेज येतात आणि संध्याकाळ तिथेच जाते. सप्टेंबरच्या शेवटी पॅक संपतो. आधी फोन लावणं बंद होतं, काही दिवसांनी येणंही, आणि ओटीपी हा येणाराच मेसेज. दसरा होतो 2 ऑक्टोबरला, त्यानंतर दोनच दिवसांत नव्वद भरतात. खात्यात 20 रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर 20 कापून आणखी 30 दिवस मिळतात. पण पॅक मारला म्हणजे बॅलन्स असतो असं नाही. पॅकचे पैसे पॅकमध्येच जातात, बॅलन्स शून्यच राहतो, तो वेगळा भरावा लागतो. इथे भलेभले फसतात. बॅलन्स नसेल तर नव्वद दिवसांपुढे नंबर परत जोडून घ्यायला फक्त 15 दिवसांची सवलत. ती संपते नरकासुर जाळायच्या रात्री, 19 ऑक्टोबरच्या सुमाराला. कार्तिकीला अजून दोन आठवडे. कंपनी दिवस मोजून लगेच तोडेलच असं नाही, पण तोडू शकते, आणि तसा इशारा दिला तरी तो एसएमएस येणार त्याच बंद फोनवर.

नंबर एकदा गेला की निदान 90 दिवस तो कुणाला देत नाहीत, नंतर देतात. मग तुमच्या खात्यातून पैसे निघाल्याचे मेसेज अनोळखी माणसाला. तो भला असेलही. तोवर तुम्ही रांगेत: आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडायचा, बँकेच्या शाखेत फॉर्म आणि ओळखपत्र, गॅस एजन्सी, विमा, पॅन. दोन बँकांत खाती असतील तर दोनदा. फोनपासून सुटका हवी होती आणि पदरात पडले हेलपाटे.

म्हणून विश्रांती फोनला द्यायची, नंबरला नाही. सिम स्मार्टफोनमधून काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालायचं. बोलायला सोपं; अडचणी अशा. जिओचं सिम असेल तर 2जी फोन कामाचा नाही, 4जी व्होल्टीवाला (4जीवरूनच बोलता येणारा) बटणफोनच घ्या. स्मार्टफोनचं सिम नॅनो असतं, बटणफोनची खाच बहुधा मोठी, त्यामुळे अडॅप्टर लागतो. तो आत तिरका अडकला की ओढून काढताना पिना वाकतात, मग फोन गेला. ई-सिम (फोनच्या आतच बसवलेलं सिम) असेल तर ते काढताच येत नाही, दुकानात जाऊन साधं सिम करून घ्यावं लागतं, आणि सिम बदललं की 24 तास एसएमएस बंद असतात. तेव्हा हे काम एकादशीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी. पॅक वर्षाचा मारा किंवा 84 संपायची तारीख कालनिर्णयावर लिहा. आठवड्यातून एक फोन स्वतः लावा, नुसते ओटीपी येतात म्हणजे वापर चालू आहे असं समजू नका. बटणफोनची मेसेजची जागा थोडी असते. ती जाहिरातींनी भरली की ओटीपी आत शिरतच नाही आणि आपण बँकेला शिव्या घालतो. 1909 ला START 0 पाठवून जाहिराती बंद करा, तरी महिन्यातून एकदा पेटी रिकामी कराच.

स्मार्टफोन ठेवायचा तो अर्धा चार्ज करून, पूर्ण बंद करून. भरलेली बॅटरी महिनोन् महिने पडून म्हातारी होते, रिकामी राहिली तर मरते. गोव्याच्या पावसात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, म्हणून कव्हर काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. तांदळात नको, पीठ आत शिरतं. महिन्या-दीड महिन्यानं चार्ज बघा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर डब्यातही नको आणि चार्जही नको, सरळ दुरुस्तीवाल्याकडे. आणि फोन कपाटात, व्हॉट्सॲप मात्र लॅपटॉपवर, ही पळवाट फार तर 14 दिवस चालते, नंतर लॅपटॉप स्वतःच बाहेर काढतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयकर विवरणाची नेहमीची मुदत 31 जुलै, ते आषाढीआधीच भरा आणि ओटीपीने पडताळून टाका. राहिलंच तर पावतीवर सही करून 30 दिवसांत आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राला स्पीडपोस्ट. लायसन आणि गाडीचे कागद खरे जवळ बाळगा, डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी ॲप) फोनबरोबर डब्यात आहे. स्टेट बँकेच्या एटीएममधून 10,000 किंवा जास्त काढायचे तर ओटीपी लागतो, कमी काढले तर नाही. जीमेलचे दहा बॅकअप कोड वहीत उतरवून घ्या. चेक तीन महिने चालतो, जुलैच्या सुरुवातीला लिहून दिलेला दिवाळीत वटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन आहेच तर ही कसली विश्रांती. पूर्वी मीही हेच म्हणायची, तावातावाने: लँडलाइन असताना बटणफोन कशाला, 0832 लावलं की अख्खा गोवा पोचतो. ती जुनी मी अजून गप्प बसलेली नाही. बटणफोन वाजला की ती म्हणते, बघ. मी म्हणते, गॅसचा कोड तू आणून देणार का? आमचं मिटलेलं नाही.

आणि एक घर असं आहे जिथे मला सांगायला तोंड नाही. ज्यांचा माणूस जहाजावर आहे. गोव्यात अशी घरं वाड्यावाड्यावर. भर समुद्रात मोबाइलची रेंज नाही, जहाजाच्या वायफायवर व्हॉट्सॲप लागतं तेवढंच. बटणफोनवर तो पोचत नाही. बंदरात लागल्यावर फोन करील, पण बंदर कधी येणार ते त्याच्या हातात नाही. कुणी सुचवतं, घरातला एकच स्मार्टफोन चालू ठेवा, ठरल्या वेळी उघडा. जहाज घड्याळं पुढे-मागे करतं, ठरली वेळ टिकत नाही. मग फोन दिवसभर चालू, म्हणजे आहे तेच. अशा घरातून विचारलं तर मी नको सांगते. "मग सगळ्यांनाच नको का नाही सांगत?" असंही एकीने ऐकवलंय. तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलेलं नाही.

कार्तिकीला डबा उघडाल तेव्हा आधी चार्ज, मग वायफायवर अपडेट, त्याला तासभर द्या. सिम शेवटी परत घाला. यूपीआयचं ॲप सिम ओळखायला तुमच्याच फोनवरून एक एसएमएस पाठवतं. पॅकमध्ये एसएमएस नसतील किंवा बॅलन्स शून्य असेल तर ते गोल गोल फिरत राहतं आणि माणसं ॲप काढून परत घालत बसतात. ॲपला काही झालेलं नसतं. दहा रुपये भरा.