पट्टी सोडायचा रविवार

संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच आमच्या मंडळात एका वहीची शोधाशोध सुरू व्हायची. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानात उधारी मांडतात तसली वही. आत हाताने रकाने आखलेले: गाव, नाव, वय, डावा की उजवा, आणि सगळ्यात शेवटी ‘सोबत कोण’. जानेवारीतला शेवटचा रविवार उजाडायच्या आत ती वही भरलेली असायला हवी. मंडळाच्या अहवालात त्या रविवारचं नाव ‘वार्षिक नेत्र शिबीर व स्नेहमेळावा’ असं छापलेलं असे. पेठेत मात्र त्याला लहानथोर सगळे ‘पट्टी सोडायचा रविवार’च म्हणत.

मी पहिल्यांदा गेले ती १९९३ साली, नववीत असताना. आमचं मंडळ कोल्हापुरातल्या इतर तालीम-मंडळांसारखंच. गणपती, शिवजयंती, रंकाळ्यावर कोजागरी, आणि शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की गल्ली ओस. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्यांचं आजोळ गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका वाडीत. एका मे महिन्यात ते गेले तर सख्खा मामा सोप्यात भिंतीला टेकून बसलेला. तीन वर्षं तसाच बसून होता. आवाजावरून माणूस ओळखायचा, भाकरी हातात दिली की खायचा. मोतीबिंदू होता, दुसरं काही नाही. दादा परत आले आणि त्या वर्षी मिरवणुकीचा खर्च निम्म्यावर आणून राहिलेले पैसे शिबिराला लावायचे, असं बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं. कुणी आडवं बोललं नाही.

ऑपरेशनं शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने करायची आणि बाकीचं मंडळाने बघायचं, असं ठरलं. खरं सगळं त्या ‘बाकीच्या’तच होतं, हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

गुरुवारी वाड्यावस्त्यांवर तपासणी, शुक्रवारी टेम्पोतून पेशंट कोल्हापुरात, शनिवारी ऑपरेशन आणि रविवारी सकाळी पट्टी. तपासणी शाळेच्या व्हरांड्यात चाले. सहा मीटर अंतर टेपने मोजून खडूची रेघ मारायची आणि पलीकडे भिंतीवर तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता होता. तोंड कुठल्या बाजूला आहे ते हाताने दाखवायचं. ज्यांना तेही दिसत नसे त्यांच्यापुढे बोटं धरायची, एक मीटरवरून, मग अर्ध्या मीटरवरून, आणि शेवटी नुसती बॅटरी. ‘उजेड कुठनं आला आबा?’

माझ्याकडे बाहुली मोठी करायचे थेंब होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक फेरी. थेंब झोंबतात, म्हणून आधी सांगायचं, ‘आज्जी, जरा चुरचुरंल, डोळं चोळू नका.’ बाहुली पसरली की आतला मोतीबिंदू मला साध्या डोळ्यांनीही दिसायचा. काळ्याभोर गोलाच्या जागी ताकाचा थेंब सांडावा तसा पांढुरका गोळा. कुणाचा पिवळट, कुणाचा तर गुळाच्या खड्यासारखा तांबूस झालेला. ‘अजून पिकला न्हाई’ म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं ही. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनला पिकलेला मोतीबिंदू बरा पडे, तेव्हापासूनची ती समजूत. आता तसं थांबावं लागत नाही. उलट फार पिकला की आतल्या आत फुटतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि हकनाक डोळा जातो. हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो.

पहिल्या वर्षी वहीत नावं भरपूर आणि टेम्पोत माणसं मोजकी, असं झालं. ऑपरेशन फुकट, चष्मा फुकट, राहणं-जेवणं फुकट, तरी माणसं येईनात. दादा फार खट्टू झाले होते. मग घरोघर विचारल्यावर कळायला लागलं. म्हैस व्यालेली आहे. लेकाचा उसाचा फड चालू आहे, तो एक दिवस मोडून आला तर टोळी दुसरीकडे जाते. सून माहेरी. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर, ‘आता गोवऱ्या मसणात गेल्या, काय बगायचंय आमास्नी?’ त्यात गरिबीपेक्षा भीती जास्त होती. चाकू लागणार, डोळा बाहेर काढून धुऊन परत बसवणार, असलं काहीबाही कानावर आलेलं. ‘सोबत कोण’ हा रकाना त्यानंतर वहीत आला. घरचं कुणी नसेल तर मंडळातल्या पोरापोरींपैकी एकाचं नाव तिथे लिहायचं. त्या दोन रात्री तो किंवा ती त्या पेशंटचं नातवंड.

पण खरी गाठ सोडवली ती एका आज्जीने. पहिल्या वर्षीच्या मोजक्यांपैकी ती एक. दुसऱ्या वर्षी आम्ही तिच्या वाडीत पोचायच्या आत तिने घरं पालथी घातली होती. आम्ही माईक लावून जे सांगत होतो ते ती चुलीपुढे बसून सांगत होती, ‘मी जाऊन आलो की गं! कापसानं पुसल्यागत वाटतंय निस्तं.’ त्या वर्षी टेम्पोला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. तेव्हापासून दादांनी पट्टी सोडायच्या रविवारी मागच्या वर्षीच्या सगळ्यांना बोलवायला सुरुवात केली. रुग्णालयाच्या आवारात मांडव, एका बाजूला हिरव्या पट्टीची नवी माणसं आणि दुसऱ्या बाजूला टकाटका बघणारी जुनी. मेळावा म्हणतात तो हाच.

दादांच्या पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण असे, मदुराईच्या डॉ. जी. वेंकटस्वामींचं. संधिवाताने बोटं वाकडी झालेला हा माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढतो आणि पुढे तिथे लाखोंनी ऑपरेशनं होतात. ज्यांना परवडतं ते पैसे देतात आणि त्यातून न परवडणाऱ्यांचं होतं. पण दादा बोट ठेवायचे ते दुसऱ्याच ओळीवर. नुसतं ऑपरेशन फुकट करून भागत नाही, प्रवास, जेवण, सोबत हेही द्यावं लागतं, हे वेंकटस्वामींनाही अनुभवानेच कळलं होतं. निपाणीकडचे आमचे पाहुणे डॉ. एम. सी. मोदींच्या गोष्टी सांगायचे. कर्नाटकात गावोगाव फिरून एकेका शिबिरात शेकड्यांनी मोतीबिंदू काढणारे हे डॉक्टर. आणि आपल्या कोल्हापुरात तर १९०१ पासून शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी केली. खेड्यातलं पोर शिकावं असं वाटत असेल तर आधी त्याच्या भाकरीची आणि पथारीची सोय करा, हे त्यांनी ओळखलेलं. आमची ती दोन रात्रींची सतरंज्यांची रांग मला नेहमी त्याच वाटेवरची वाटत आली.

सुरुवातीच्या वर्षांत डोळ्यात भिंग बसवत नसत. मोतीबिंदू काढायचा, टाके घालायचे आणि महिना-दीड महिन्याने जाड चष्मा द्यायचा. त्या चष्म्यातून दिसायचं खरं, पण सगळं पाव हिश्श्याने मोठं आणि जवळ. आज्ज्या चहा ओतायच्या तो कपाच्या अलीकडे. पायरी चुकायची. एका आबांचा चष्मा म्हशीच्या पायाखाली गेला आणि पुढचं शिबीर येईपर्यंत ते परत सोप्यात बसून राहिले. वहीत ‘चष्मा फुटला’ असा शेरा मी स्वतः लिहिलाय, अजून वाचता येतो.

मग भिंगं आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम ज्या सात राज्यांत चालला त्यात महाराष्ट्र होता. शाळेत-मंगल कार्यालयात ऑपरेशन करणं मागे पडून पेशंटला रुग्णालयात आणणंच सगळीकडे रुळलं. मदुराईलाच १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू होऊन भिंगं देशात बनायला लागली होती, त्यामुळे परदेशी भिंगाची किंमत ऐकून गप्प बसायची वेळ गेली. सहा-सात मिलिमीटरची चीर, टाका नाही, आत भिंग, आणि सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं. तीन वर्षं सोप्यात बसलेला माणूस आणि पंधरा मिनिटं. ह्या हिशेबाने मला आजही कसंतरी होतं.

सगळ्यांचं व्हायचं असं नाही. शनिवारी सकाळी रक्तदाब आणि साखर तपासली की दोन-चार जण बाजूला काढावे लागत. साखर वाढलेली, आधी औषध घ्या, मग या. टॉवेलचं बोचकं काखेत धरून बसलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर यायचं. पुढे आम्ही त्यांची वेगळी यादी ठेवून मार्चमध्ये पुन्हा बोलवायला लागलो. ते पहिल्याच वर्षी सुचायला हवं होतं. मधल्या काळात काही जण सुटले ते सुटलेच.

आणि एक दुखणं आमच्या भागाचंच. उसाचं पातं. पाला काढताना, तोडणी करताना सपकन बुबुळावर बसतं. बारीकसा ओरखडा, पण पात्यावरची बुरशी आत जाते. घरी मध, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, जे सुचेल ते घालतात. बाविशीतला एक पोरगा अशाच डोळ्याने आला होता. गावाकडच्या एका दुकानातून डोळे लाल झाल्यावरचा थेंब आणून त्याने पंधरा दिवस घातला. लाली गेली, बरं वाटलं. थेंबात स्टेरॉइड होतं आणि खाली बुरशी पसरत गेली. डॉक्टरांनी बॅटरी धरली तेव्हा बुबुळावर फूल पडलेलं मलाही दिसलं. त्याच्या डोळ्याला आता बुबुळच बदलून हवं होतं, म्हणजे कुणीतरी नेत्रदान करायला हवं होतं. त्याच वर्षीपासून मंडळाने नेत्रदानाचे अर्ज ठेवायला सुरुवात केली. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा, त्यात बऱ्याचदा गणपतीही येतो, त्यामुळे मंडपाशेजारीच टेबल. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात म्हणून लगेच कळवायचं, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, हे पेठेतल्या बायकांना आता सांगावं लागत नाही. दादांची आई गेली तेव्हा पंखा कुणी बंद केला हे कुणालाच आठवत नाही, इतकं ते आपसूक झालं.

रविवारच्या सकाळी सातलाच आम्ही पोचायचो. थंडी कडकडीत. वॉर्डात सगळे कानटोपी, मफलर घालून कॉटवर पाय सोडून बसलेले, कपाळावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनने नाव. डॉक्टर एकेका कॉटपाशी यायचे. पट्टी निघायची, ओल्या कापसाने पापणी पुसली जायची. पापणी उघडायला तो माणूस इतका वेळ घ्यायचा की आपणच श्वास धरून राहायचो. ‘किती बोटं?’ एका आबांनी बोटांकडे बघितलंच नाही. डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडे नजर लावली आणि म्हणाले, ‘बोटं ऱ्हाऊ द्यात सायेब, भित्तीवर पाल हाय, ती हाकला आदी.’ अख्खा वॉर्ड हसला. पाल खरंच होती, ट्यूबलाइटच्या मागे.

माझी ओळख सगळ्यांना आवाजाने. थेंब घालताना मी सारखी बोलत असायचे, म्हणून. पट्टी निघाल्यावर एका आज्जीने माझा आवाज ऐकला आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. ‘तू व्हय गं? मला वाटलं थोराड असशील. एवढीशी तर हायेस,’ म्हणाली, आणि कानशिलांवर बोटं मोडली.

मग मांडवात जेवण. पेठेतल्या काकू-वहिनी पहाटेपासून राबलेल्या. मसालेभात, आमटी, गुळाची पोळी. जुने पेशंट रिकाम्या हाताने येत नसत. कुणी घनसाळ तांदूळ, कुणी नाचणी, गुऱ्हाळावरची बाटलीभर काकवी. भाषणं दोनच, तीही छोटी. खरं बोलणं चाले ते पंगतीत. जुन्या माणसाने नव्याच्या शेजारी बसायचं, हा दादांचा नियम. थेंब किती वेळा, डोक्यावरून पाणी कधी, चुलीच्या धुरात बसायचं नाही, वाकून ओझं उचलायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिथे पुन्हा सांगितलं जाई, गावाच्या भाषेत.

आता बरंच बदललंय. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, हा नियम लोकांना कळू लागलाय, रेशन कार्ड खिशात घेऊनच माणसं येतात. तरुण पोरं वही मोबाइलवर भरतात. ‘सोबत कोण’ हा रकाना मात्र तिथेही शेवटी आहे. दादा थकले, पण खुर्ची टाकून मांडवाच्या तोंडाशी बसतात.

गेल्या वर्षी परतीला टेम्पो बिघडला म्हणून सगळ्यांना एसटीने सोडायचं ठरलं. रंकाळा स्टँडवर मी आणि आठ-नऊ पट्टीवाले, काळे चष्मे लावून बाकांवर बसलेले. सोबतीला दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले एक आबा होते, चौथीपर्यंत शिकलेले. गाडी फलाटाला लागली तसे सगळे बोचकी उचलून उठले. आबांनी हात आडवा धरला, दोन पावलं पुढे जाऊन मान वर करून पाटी बघितली.

‘ही न्हवं. ही बाजारभोगावची. आपली मागनं येत्या,’ म्हणाले. सगळे परत बाकावर बसले.