ध-नी-सा एकदाचं सुटलं

एक चाल चार आवाजांत (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस) बसवतोय. मागच्या नोंदीत तिच्या ध-नी-सा या तुकड्यापाशी घोडं अडलं होतं, ती दुसरी ओळ बसली. बिलावल, सा म्हणजे पाश्चात्त्य सी, चाल माझीच.

वर सोप्रानोला ध-नी-सा, म्हणून बेसला म-प-ध दिलं होतं. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) झाले एफ, जी, ए मायनर. ही दोन टोकं थर्ड्समध्ये (म-ध, प-नी अशा अंतराने) एकत्र चढतात, त्याला कुणाची हरकत नाही. आपल्या गोव्याच्या मांडो गीतांतले दोन आवाज थर्ड्स-सिक्स्थ्समध्येच तर चालतात. गोम मधल्या दोघांत. आल्टोला म दिला आणि तीही प वर गेली की बेसबरोबर पॅरलल ऑक्टेव्ह, म्हणजे दोघं एकच सूर वेगळ्या सप्तकांत धरून सोबत सरकतात आणि एक आवाज वाया जातो. टेनर सा वरून रे वर गेला की पॅरलल फिफ्थ, तेच पण सा-प इतक्या अंतराने. चार आवाजांच्या लेखनात दोन्ही वर्ज्य. दोघांना खाली उतरवा, हा पुस्तकी इलाज. पण मग टेनर मध्य सा वरून थेट मंद्र प वर, नेमका बेसच्याच सुरावर. आमचा टेनर चर्चच्या कॉयरमधला, कान तिखट. एकदा गाऊन म्हणाला, "मग मी आहे कशाला?" बरोबरच आहे त्याचं.

तोडगा असा: एफऐवजी डी मायनर (रे-म-ध), पण बेसला म तसाच, आणि जीऐवजी जी सेव्हन (जीमध्ये वर म वाढवलेला). टेनर रे धरून उभा, आल्टो म धरून उभी, हलतात फक्त वरची आणि खालचा. आल्टोचा तो म आधी निवांत असतो, बेसने प लावला की जागेवरच टोचायला लागतो. काय मजा येते! मग ए मायनरवर आल्टो म-ग, टेनर रे-सा, सोप्रानो नी-सा. कॉर्डचा थर्ड, म्हणजे सा, डबल होतो, पण इथे तेच हवं.

तपासायला म्यूझस्कोअर या नोटेशन सॉफ्टवेअरच्या कॉयरवर विसंबू नका, त्यात सगळंच गुळगुळीत वाटतं. पेटी घ्या, आणि कपलर बंद. तो प्रत्येक सुराला अष्टक जोडतो, मग पॅरलल ऑक्टेव्ह कळणार कसा? (माझी पेटी दुरुस्तीहून आली ती कपलर अडकूनच. असो.)

अंतऱ्यालाही हाच साचा लावणार होतो. पण आता लिहिता लिहिता वाटतंय, तिथे बेसला नुसता सा धरायला लावावा, तानपुऱ्यासारखा. बेस हललाच नाही तर त्याच्याशी समांतर जाणार कोण? वरच्या तिघांनी आपापसात सांभाळलं की झालं. बेसवाले काका फोंड्याकडच्या भजनी मंडळातले, त्यांना लांब सा म्हणजे पर्वणीच. श्वास कुठे घ्यायचा ते मात्र आधीच ठरवून द्यावं लागेल. जी सेव्हनवर सा तुटला तर वरचे तिघे उघडे पडतील.